पेज, शहाळं आणि कडी नसलेलं दार

नात रत्नागिरीत, मी लांज्याच्या बाजूला गावात, आणि कॉलेजचा फोन जातो कुठे? मुंबईला, तिच्या बापाला. जो गणपतीला आणि शिमग्याला घरी येतो आणि पोरीच्या ताटात काय आहे ते ताटाकडे बघूनही ज्याला सांगता येणार नाही. "तुमची मुलगी सकाळची उपाशी राहते, लक्ष द्या." मग बापाने लक्ष दिलं. म्हणजे मला फोन केला.

"आये, उद्या जा आणि सायलीला सामानासकट घेऊन ये. बस झालं शिक्षण. उपाशी राहायला पाठवली काय तिला?"

आता नमस्कार. तक्रार पोटात ठेवून नमस्कार केला तर तो खोटा होतो, म्हणून आधी ती काढली. इंटरनेटवरचं हे पान सायलीने उघडून दिलंय. शुद्धलेखन तिचं, बाकी सगळं माझं.

सामान आणायला मोठी पिशवी ने, असं सुरेशने, म्हणजे माझ्या मुलाने, बजावलं होतं. नेली. रिकामी कशाला न्यायची, म्हणून उकडे तांदूळ भरले. पोरीला घरी आणायला जाताना तिच्यासाठी तांदूळ नेणारी बाई काय विचाराने निघाली असेल ते तुम्हीच समजा.

पंच्याहत्तरी झाली असेल तर एसटी फुकट, आधार कार्ड विसरू नका. पाली ते हातखंबा रस्ता कुठे गुळगुळीत, कुठे उकरलेला. मागे बसाल तर कंबर रत्नागिरीच्या आधीच उतरेल. कंडक्टर विचारतो, "आजी, एकट्याच?" म्हटलं, "एकटी कुठे? दोन गुडघे आहेत सोबत. त्यांचं तिकीट फाडतोस?" हसला मेला, आणि पुढची सीट रिकामी करून दिली.

सायली मिरजोळ्याच्या बाजूला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. एमआयडीसीच्या जवळ म्हणून भाडं शहरापेक्षा कमी, आणि कॉलेजात जायला रिक्षा सामाईक मिळते. दारातच मी तिला खालीवर बघितली. अंगाने तशीच, पण डोळ्याखाली काळं. "डोकं दुखतं गो सारखं," म्हणाली. "अभ्यासाने."

रात्री फोनची हकीगत कळली. कॉलेजात एक मॅडम संशोधन करतायत. पोरं काय खातात, किती झोपतात, परीक्षेची भीती वाटते का, तब्येतीचा अभ्यासावर काय परिणाम होतो. सगळ्यांना प्रश्नांचा कागद दिला होता, आणि त्यातली उत्तरं बघून ऑफिसने घरोघरी फोन लावले. मला यात वाईट काही दिसलं नाही. पोरींना एवढं तरी कधी कोणी विचारलं होतं?

रविवारी सकाळी तिघी वाडगे घेऊन बसल्या. उकड्या तांदळाची गरम पेज, वर खारातल्या कैरीची फोड, बाजूला भाजलेला सुका बांगडा.

"तू नाश्ता करत नाहीस असं लिहिलंस?"

"हो. नाय करत."

"मग हातात काय आहे?"

"ही पेज, आज्ये."

"पेज म्हणजे नाश्ता नाय?"

"पेज ही पेज. नाश्ता म्हणजे पोहे, उपमा, असला." तिने दोघींकडे बघितलं. "तुम्ही काय लिहिलंत गो?"

दोघींनीही 'नाही' लिहिलं होतं. मी हसून घेतलं. आमच्याकडे पेजेला कोणी नाश्ता म्हटलेलं मीही ऐकलं नाही. मला विचारलं असतं तर मीही 'नाही'च म्हटलं असतं आणि कॉलेजने माझ्याही बापाला फोन लावला असता, वर.

प्रकरण मिटलं असं वाटलं, म्हणून चौघी आरे-वारेचे किनारे बघायला गेलो. शिरगाववरून समुद्राच्या कडेकडेने रस्ता आहे. रिक्षा जायची-यायची आधी ठरवा, तिथे गेल्यावर ठरवाल तर रिक्षावाल्याला समुद्र जास्त सुंदर दिसायला लागतो. मधल्या चढावर थांबलात की दोन्ही किनारे एकदम दिसतात. लोक तिथे गप्प होतात. मी नाही झाले. पाण्यात मात्र शिरू नका, ओढ आहे.

ऊन डोक्यावर आलेलं. शहाळी घेतली. सायली म्हणाली, "मला नको."

"तोंड सुकलंय तुझं."

"नको गो. मग जावं लागतं."

"मग जा. त्यात काय?"

ती वाळूत पायाने रेघा मारत बसली. तिची एक मैत्रीणच बोलली. "आजी, ती सकाळी निघाल्यापासून घरी येईपर्यंत पाणी पीत नाय. आमी कोणीच नाय पीत. कॉलेजात दाराला कडी नाय. सायलीला तर दोनदा लघवीला जळजळ होऊन गोळ्या घ्याव्या लागल्या."

म्हणजे पोरगी उपाशी नव्हती, तहानलेली होती. आणि कॉलेजला सुट्टी असूनही तिला शहाळं नकोच, कारण अंगाला सवय लागलेली. मी माझं शहाळं तिच्या हातात कोंबलं आणि पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिले. समुद्राचं मग काय बघितलं ते आठवत नाही.

सोमवारी कॉलेजात गेले ते आधी प्रेक्षणीय स्थळ बघायला. मुलींच्या संडासाची तीन दारं. एकाला कुलूप, एकात मोडक्या खुर्च्या, तिसऱ्याला कडीच्या जागी भोक. बाहेर एक पोरगी दप्तर लावून दार दाबून उभी, आत तिची मैत्रीण. मैत्रीण नसेल त्या दिवशी काय? त्या दिवशी जायचं नाही.

संशोधनवाल्या मॅडम भेटल्या. तरुण, बोलायला नीट. पेजेचं सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "आजी, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आणि ऑफिसने घरी फोन करायला नको होता."

"ते सोडा. पाण्याचं विचारलंत का?"

"नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कुठे जाता?"

त्यांनी पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली. स्टाफच्या संडासाची.

ती उचलली आणि सरळ ते दार उघडून त्याच्या बाजूला स्टूल टाकून बसले. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींना हाक मारली. आधी लाजल्या, मग रांग लागली. शिपाई धावत आला. "आजी, हे स्टाफचं आहे!"

"मग मी स्टाफ. राखणीला बसलेय. पगार तुझ्या साहेबांना विचारून सांग."

साहेबच आले. प्राचार्य. "आजी, तुम्ही अर्ज द्या, आम्ही समितीपुढे ठेवू."

"समिती कुठे जाते?"

रांगेतून खुदकन आवाज आला. साहेबांना हसता येईना, ओरडताही येईना. मागे मॅडम येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, कडी बसेपर्यंत हे उघडं राहू दे. मी जबाबदारी घेते." ती बाई मला आवडली. दुपारी सुतार आला. एका दाराला कडी लागली. खुर्च्या अजून तिथेच आहेत, कुलूपही. जिंकले असं म्हणत नाही.

संध्याकाळच्या एसटीत सुरेशचा फोन. "आणलीस?"

"नाय."

"उपाशी राहते ना ती?"

"तुझ्यापेक्षा बरी जेवते. तू तिला विचारलंस?"

"कॉलेजने सांगितलं ना."

"कॉलेजशी बोललास, माझ्याशी बोललास. तिच्याशी?"

 मग म्हणाला, "विचार करतो." म्हटलं, "तू विचार कर. तोपर्यंत ती कॉलेजात जाईल."

घरी आले तेव्हा पिशवी रिकामी होती, आणि तशीच यायला हवी होती. आरे-वारे चांगलं आहे, जरूर जा. माझ्याबरोबर मात्र तिथला समुद्र आला नाही. आलं ते कडीच्या जागचं भोक, आणि पुढे इतका समुद्र पसरलेला असताना पाणी नको म्हणणारी पोरगी. सायली आता बाटली भरून नेते. संपवते की नाही ते मी रोज रात्री फोनवर विचारते.

खाली लिहायला जागा आहे. आयांनी लिहू नका, आज्यांनी लिहू नका, तुमचं मला माहीत आहे. तुमची मुलगी शिकते तिथे दाराला कडी आहे का, याचं उत्तर बापांनी द्यायचं. माहीत नसेल तर आधी पोरीला फोन लावायचा, तिच्या आईला किंवा आजीला नाही. आणि पहिलं उत्तर सुरेशने लिहायचं.