ताश्कंदात माळकरी

कोल्हारच्या आमच्या कृषी सेवा केंद्रात दुपारी गिऱ्हाईक कमी असलं, की कुणीतरी म्हणतंच, "दीपक, ते ताश्कंदचं काढ ना!" एक सांगायला घेतला की त्याचं शेपूट धरून दुसरा किस्सा येतो. ऐकणारे पोट धरून हसतात. मला मात्र आजही सांगताना घाम फुटतो. कारण त्या ट्रिपला सगळे फिरायला गेले होते, मी एकटा ड्यूटीवर होतो!

ठिबकच्या कंपनीनं डीलर लोकांना उझबेकिस्तानला नेलं. दुकान चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या नावावर, म्हणून तेही आले. तात्या माळकरी. मटण सोडाच, अंड्याचा केकसुद्धा चालत नाही. त्यात शुगरच्या गोळ्या सुरू, म्हणजे उपाशी राहिले की हातपाय थरथरणार. मी आपला सगळं खाणारा. निघताना काकीनं मला बाजूला घेतलं.

"दिप्या, ह्यांच्या तोंडात जाईल ते आधी तू चाखायचं. आन उपाशी बी ठिवायचं न्हाई! चुकून काई पोटात गेलं ना, तर माळ उतरवून ठिवतील आन अन्नाला शिवायचे न्हाईत."

विमान उडायच्या आधीच माझी भूक मेली.

*

संध्याकाळचं जेवण कंपनीकडून, इंडियन हॉटेलात. तिथं मी माझं चिकन खाता खाता तात्यांची डाळ आधी चाखून द्यायचो. दुपारचं मात्र ज्याचं त्यानं बघायचं. पहिल्या दुपारी मिरजगावचे बापू बरोबर होते. तेही डीलरच, पण ज्ञान वाटायची भारी हौस.

"अरे, हितं निम्मे शब्द आपलेच हायेत. चाय, नान, प्याज! बिनधास्त सब्जी माग."

मी वेटरला ठणकावून सांगितलं, "ओन्ली सब्जी!"

"सब्जी! सब्जी!" तो एकदम खूश. थोड्या वेळानं परातीएवढ्या ताटात पिवळा भात आला, आणि त्यावर मटणाचे तुकडे! मी ओरडलो, "सब्जी कुठंय?" त्यानं काट्यानं भात उकरला, गाजराची एक फोड वर काढली आणि अभिमानानं म्हणाला, "सब्जी!"

त्या देशात सब्जी म्हणजे फक्त गाजर.

तात्यांनी घरच्या चिवड्याचा डबा उघडला. बापूंनी ताट पुढं ओढलं. "गाजर लई भारी शिजलंय!" म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी गाइडकडून शब्द पाठ करून घेतले. गोश्त म्हणजे मटण, योक म्हणजे नाही. हॉटेलात शिरल्या शिरल्या मी म्हणालो, "गोश्त योक!"

तिथल्या बाईला वाटलं, मी मटण नसल्याची तक्रार करतोय. तिनं छातीवर हात ठेवला. "बोर! बोर! गोश्त बोर!"

दोन दिवसांत पहिल्यांदा तात्यांचा चेहरा खुलला. "दिप्या, बोरं हायेत म्हनती! मंग आन की बाई! बोर, बोर!" आणि जोरजोरात मान हलवायला लागले.

बोर म्हणजे 'आहे', हे आम्हाला कुठं माहीत? हातभर लांब सळयांना टोचलेलं मटण वाफा टाकत टेबलावर आलं.

बापू म्हणाले, "तात्या, बोरं चांगली भाजल्याली हायेत!"

चिवडा निम्म्यावर आला.

*

मग मीच अक्कल पाजळली. "तात्या, तुमी नुसती माळ दाखवा. देवाधर्माचं कुठंबी कळतं."

तात्यांनी वेटरकडं बघून माळ चिमटीत धरली आणि गळ्यावर बोटानं टकटक केलं. वेटरनं डोळा मारला. आत गेला आणि पांढरी बाटली नि दोन छोटे ग्लास घेऊन आला!

"पानी तरी दिलं बाबा," म्हणत तात्यांनी ग्लास उचलला. मी झडप घालून ग्लास घेतला आणि घाईत अख्खा घशाखाली ओतला. छातीत जाळच झाला!

"कसंय रं?" तात्यांनी विचारलं.

मला ठसकाच लागला. माझे डोळे बघून तात्या घाबरले आणि पुन्हा माळेला हात लावून वेटरला नको नको म्हणून टकटक करायला लागले.

दुसरी बाटली आली.

गळ्यावर टकटक म्हणजे 'बसायचं का?' हे गाइडनं नंतर सांगितलं.

*

चहाचं तर विचारूच नका. चहाच्या दुकानात एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला आपल्या बैठकीवर बोलावलं, आणि वाटीत तळाला घोटभर चहा ओतला. तात्या चिडले. "आमी काय मागाया आलोय का? थांब, ह्याला कोल्हारचा पाहुनचार दाखवतो!" किटली उचलली आणि बाबांची वाटी काठोकाठ भरली.

बाबांनी वाटीकडं बघितलं, टोपी घातली आणि उठून चालू लागले. तिकडं घोटभर चहा म्हणजे मान, आणि भरलेली वाटी म्हणजे 'आता निघा'!

*

समरकंदच्या वाटेवर मात्र हसू पळालं. चिवडा आदल्या दिवशीच संपलेला. तात्यांच्या पोटात सकाळपासून नुसता चहा. बस एका घरगुती खानावळीपाशी थांबली तोवर त्यांच्या कपाळावर घाम आणि हाताला कापरं. परक्या मुलखात माणूस पडला तर काकीला काय तोंड दाखवू?

गाइडनं खानावळीच्या म्हातारीला सगळं समजावून सांगितलं. तिनं तात्यांना धरून बसवलं, तोंडात खडीसाखर घातली आणि वेगळ्या भांड्यात लाल भोपळ्याचं सूप चढवलं. हळूहळू कापरं कमी झालं. मी हुश्श केलं आणि तेवढ्यात माझं मटण मागवून खायलाही बसलो.

म्हातारीनं सूप तात्यांच्या पुढं ठेवलं. मी सवयीनं माझा चमचा त्यांच्या वाटीकडं नेला.

फाडकन् माझ्या हातावर पळी बसली!

म्हातारीनं माझा चमचा हिसकावला. त्यावरची मटणाची चरबी आधी मला दाखवली, मग तात्यांना. आणि तात्यांच्या हातात धुतलेला चमचा दिला.

बापूंनी हातातला घास खाली ठेवला.

तात्या म्हणाले, "दिप्या, पयल्या दिवसापासनं असंच चाखतुयास?"

मी मान खाली घातली. तात्यांनी बराच वेळ माळेवरून बोट फिरवलं. मग वाटी जवळ ओढली.

"काकी इचारील, तवा तू बोलायचं न्हाई. मी बोलीन."

"काय बोलाल, तात्या?"

तात्यांनी सुपाचा भुरका मारला.

"भोपळा लई चांगला व्हता म्हनून."