दहापैकी चार

जेवायला बसताना अंगावर काय असावं, हे कुंभारवाड्याच्या बायजाला कुणीतरी पहिल्यांदा लेखी कळवलं तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती. तोवर बिचारी शेतातून आली की हातपाय धुऊन आहे त्या लुगड्यातच जेवायची, आणि आश्चर्य म्हणजे अन्न पचायचंही. पण तिचा मुलगा विनोद मोठ्या प्रवासी जहाजावर वेटर होता, आणि जहाजाच्या कंपनीने कामगारांच्या आयांवर उपकार करायचं ठरवलं होतं. वर्षातून एकदा, खोली रिकामी पडत असेल तर, घरची दोन माणसं जवळजवळ फुकट नेता येत. सोबत बत्तीस पानांचं नियमांचं पुस्तक येई, ते अगदी पूर्ण फुकट.

पुस्तक वाचायचं काम मुलीकडे, रक्षिताकडे आलं. ती शेजारच्या गुंद गावच्या अंगणवाडीत शिकवायची, त्यामुळे न कळणाऱ्या गोष्टी समजावून सांगायची तिला सवय होती. तिने अंगणात बसून चार रात्रींच्या सफरीतला एकेका रात्रीचा पोशाख वाचून दाखवला. पहिल्या रात्री स्मार्ट कॅज्युअल. दुसऱ्या रात्री सगळं पांढरं. तिसऱ्या रात्री बेटावरचा पोशाख, म्हणजे फुलाफुलांचं काहीतरी. चौथ्या, शेवटच्या रात्री फॉर्मल.

"स्मार्ट क्याजुल म्हंजे काय गं?" बायजाने विचारलं.

"म्हंजे शहाण्या मानसानं सहज घातल्यागत दिसाय पायजे."

"आनि जे शहाणं न्हाई त्यानं उपाशी ऱ्हायचं व्हय?"

यावर पुस्तकात काही नव्हतं. अनवाणी पायांनी जेवणघरात येऊ नये, बाहेरचं अन्न आणू नये, खोलीत काही पेटवू नये, हे मात्र ठळक अक्षरांत होतं. आणि शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, खास कामगारांच्या नातेवाइकांसाठी एक कलम होतं. जहाजावर आई ही आई नसून पाहुणी असते. कामगाराने तिच्याजवळ बसू नये, तिच्याबरोबर जेवू नये, इतर पाहुण्यांसमोर तिला नात्याने हाक मारू नये. कंपनीने फार विचार करून लिहिलं होतं. आईला मुलगा दिसावा म्हणून बोलवायचं आणि तो मुलगा आहे हे कुणाला कळू द्यायचं नाही, एवढं साधायला डोकं लागतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात विनोदचा फोन आला. कुंभारवाड्यात फोन लागतो तो फणसाच्या झाडाखाली, तिथे उभं राहून बायजाने ऐकून घेतलं.

"अव्वा, नीट ऐक. माझं हेड वेटरचं चाललंय. मी आनि खानापूरचा प्रशांत, दोघांतला एकच हुनार. ह्या फेरीतलं मार्क शेवटचं. शेवटच्या रात्री एक मुलगी जेवताना येऊन विचारंल, वेटरला धापैकी किती. तू धा म्हन. बाकी काय बोलूच नको."

"व्हय, म्हनते," बायजा म्हणाली.

"नक्की न्हवं?"

"व्हय म्हटलं की रे."

गोव्याच्या बंदरात जहाज बघून बायजाने पिशवी छातीशी धरली. तपासणीच्या टेबलावर तिच्या पिशवीतले मुडलीचे कंद निघाले. कालच खणून, माती झाडून, मुलासाठी आणलेले. हातमोजे घातलेल्या माणसाने ते बॉम्ब असल्यागत दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवले. जहाजावर चोवीस तासांपैकी वीस तास खायला मिळतं, असं त्याने तिला समजावलं. मुलाच्या आवडीचं मिळतं का, हे तिने विचारलं नाही.

खोलीला खिडकी नव्हती. त्या बदल्यात पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला. जोयड्याच्या रानात राहणाऱ्या बाईला हत्तीचं काय कौतुक असणार? तिने तो उलगडून, घडी घालून खुंटीला लावला. दुसऱ्या दिवशी माकड आलं. माकडांनी तिचं अर्धं भात दरवर्षी खाल्लेलं, त्यामुळे तेही उलगडलं गेलं. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून तिने दोन्ही पलंग आवरले, फरशी पुसली आणि न्हाणीघर घासलं. खोली आवरणाऱ्या माणसाला वाटलं, आपली तक्रार झाली. त्याने रक्षितापुढे हात जोडले.

बाकी सवलतींना तोटा नव्हता. पाणी फुकट, चहा फुकट, आइस्क्रीम फुकट. रंगीत सरबताला पैसे, इंटरनेटला पैसे, आणि समुद्राकडे तोंड करून बसायच्या मऊ खुर्च्यांनाही पैसे. कडक खुर्चीतून दिसणारा समुद्र तेवढा कंपनीने मोकळा सोडला होता. जहाज बुडालं तर काय करायचं याची कवायत झाली, तेव्हा लोक केशरी जाकिटं घालून फोटो काढत होते. सूचना शेवटपर्यंत ऐकणारी साऱ्या जहाजात बायजा एकटी, आणि तिला त्यातली भाषा कळत नव्हती.

विनोद मात्र रोज दोन वेळा दिसायचा. काळी पँट, पांढरा कोट, गळ्यात बो. रोज तिच्याच टेबलापाशी यायचा आणि विचारायचा, "मॅडम, सूप घेणार?" पहिल्या रात्री बायजाने शेजारची रिकामी खुर्ची ओढली.

"बस की. जेवलास का तू?"

"नंतर जेवतो, मॅडम."

"कवा नंतर?"

त्याने हसून वाडगा पुढे ठेवला. जेवणघर रिकामं झाल्यावर साडेअकराला तळमजल्यावर उभ्याने खायचं, हे त्याने सांगितलं नाही. पण भाताची शितं बघून सुगरणीला कळतं, तसं तिला त्याच्या गालफडांवरून कळलं. त्या रात्रीपासून रोज ती निम्मं ताट त्याच्यासाठी ठेवून उठली. कंपनीने त्याची नोंद "पाहुणीला भूक कमी" अशी केली असावी.

चौथी रात्र फॉर्मलची. पुरुषांना सूट, बायकांना गाऊन, नाहीतर आपापल्या देशाचा पोशाख. बायजाने ठेवणीतलं लाल चौकड्यांचं लुगडं काढलं, खांद्यावर गाठ मारली, गळ्यात मण्यांच्या माळा घातल्या आणि रक्षिताच्या सँडलमध्ये पाय कोंबले. हेच लुगडं नेसून ती जोयड्याच्या बाजारात गेली की कापडवाला तिला दुकानाबाहेर उभं करून भाव सांगायचा. इथे मुंबईच्या चार बायका खुर्च्या सोडून धावत आल्या. एकीने गाठीचा फोटो काढला, दुसरीने माळांचा.

"कुठल्या डिझायनरचं हो हे?"

"गुरुवारच्या बाजारातल्या," रक्षिता म्हणाली.

त्या बायका त्या रात्री नेमक्या बायजाच्याच टेबलावर आल्या होत्या. विनोद भात घेऊन आला आणि रक्षिताच्या तोंडून "अण्णा" निघून गेलं. झालं, कलम मोडलं. बायकांना केवढा आनंद! हा तुमचा मुलगा? किती देखणा हो! किती हुशार! इंग्रजी तर बघा! अगं, त्याचं हसू बघ! जंगलातून आलाय असं वाटतं तरी का? एकीने तर त्याची हनुवटीच धरली.

बायजाने हातातला घास परत ताटात ठेवला.

तिच्या गावात पोराला कुणी असं म्हणत नाही. पोर बाळसेदार असलं तर "रोडावलंय" म्हणतात, शाळेत पहिलं आलं तर "बरं हाय" म्हणतात, आणि त्यातून आईने तर तेवढंही म्हणायचं नसतं. आईची दृष्ट सगळ्यांत आधी लागते. बायजा हा नियम एकदाच चुकली होती. विनोदच्या वर लखू होता. एकोणीस वर्षांचा, एका दमात भाताचं पोतं खांद्यावर घेऊन डोंगर चढणारा. शिमग्याच्या मांडावर तो नाचत असताना ती साऱ्या गावादेखत बोलून गेली, "माझ्या लखूसारखा गडी ह्या मुलखात न्हाई." नवव्या दिवशी त्याला ताप भरला. बस नव्हती. घोंगडीची झोळी करून चौघांनी त्याला जोयड्याच्या दवाखान्यात न्यायला काढलं आणि अर्ध्या वाटेवरून परत आणलं. डॉक्टरांनी नंतर तापाचं काहीतरी नाव सांगितलं. बायजाने ते लक्षातही ठेवलं नाही. खरं कारण तिला ठाऊक होतं. ते तिच्याच तोंडात होतं.

तेवढ्यात शिल्पा नावाची मुलगी हातात पाटीएवढा फोन घेऊन टेबलापाशी आली. पुण्याची होती, मराठी बोलायची, आणि सगळ्यांशी लहान मुलांशी बोलावं तसं बोलायची.

"आजी, खोली आवरणाऱ्या दादांना दहापैकी किती?"

"धा."

"हा शेजारच्या टेबलाचा प्रशांत, यानेही तुम्हाला दोनदा वाढलंय. याला?"

"धा."

"वा! आणि आता तुमचे लाडके विनोद?"

चारही बायकांनी हात वर करून आपापले दहा सांगून टाकले. "दहा काय, अकरा द्या!" एक ओरडली. आजूबाजूची टेबलं वळून बघायला लागली. विनोद भाताचं भांडं धरून उभा होता, आईकडे बघत. चाळीस डोळे त्याच्यावर होते आणि खाली अथांग पाणी होतं.

बायजाला दहा आठवत होते. फणसाखाली दिलेला शब्दही आठवत होता. पण चार बायकांनी मिळून दृष्टीचं एवढं ओझं पोरावर चढवलं होतं, ते उतरवायला आईशिवाय होतं कोण?

"चार," ती म्हणाली.

"अव्वा!" रक्षिता किंचाळली.

शिल्पाचं बोट थांबलं. "चार? आजी, सातच्या खाली दिलं तर कारण लिहावं लागतं हो."

कारण! बायजा कामाला लागली. "भात वाढताना हात आखडतो. चालताना पाय घासतो. दिसाय तर काय, वाळल्या काटकीगत. लहानपनापासनं धांदरट हाय." तिने जीव तोडून चौदा दोष सांगितले. शिल्पाने प्रत्येक दोष मन लावून टिपला, तिला तेच शिकवलं होतं. विनोद भाताचं भांडं धरून ऐकत होता. पाहुणे बोलत असताना कामगाराने मध्ये बोलू नये, असा नियम होता.

सकाळी जहाज गोव्याला लागायच्या आत निकाल लागला. प्रशांतनेच खाली मान घालून रक्षिताला सांगितला. जेवणघराच्या मॅनेजर बाईंचं म्हणणं असं की, नातेवाइकांचे दहा त्या कधी धरतच नाहीत, घरचे लोक खोटं बोलतात. पण सख्खी आई जेव्हा चार देते, तेव्हा त्या माणसात काहीतरी गंभीर असलंच पाहिजे. एवढी अक्कल असल्याशिवाय कुणाला मॅनेजर करत नाहीत.

रक्षिताने रागारागाने दोघींची बॅग भरली. दोघी उतरायच्या रांगेत लागल्या. शिडीच्या तोंडाशी दोर बांधलेला, दोरापलीकडे कामगार ओळीने उभे. प्रशांतच्या छातीवर नवा बिल्ला होता. त्याच्या शेजारी विनोद. मॅनेजर बाई आणि शिल्पा दोन पावलांवर उभ्या राहून सगळे नीट हसताहेत की नाही ते बघत होत्या.

"पुन्हा आमच्याबरोबर प्रवास करा, मॅडम," विनोद म्हणाला.

"मिळालं न्हाई व्हय रे?"

"न्हाई." तोंडावरचं हसू तसंच ठेवून तो हळू आवाजात म्हणाला, "अजून नऊ म्हयनं हेच काम."

"रागावलास?"

"व्हय. लई रागावलो." हसू अजून जागेवर होतं, डोळे नव्हते. "तू का म्हनलीस ते ठावं हाय मला. कंपनीचं जाऊ दे. पर मी तीस वर्षांचा झालो, अव्वा. एकदा बी तुझ्या तोंडनं आयकलं न्हाई मी. मला काय आयकावं वाटत नसंल?"

मागचे लोक ढकलत होते. त्या चार बायका तिथेच होत्या, हात हलवत. बायजाने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग दोरावरून हात घालून तिने मुलाचा बो धरला, त्याचं डोकं खाली ओढलं आणि तोंड त्याच्या कानाला लावलं.

"धा," ती म्हणाली. "धाला धा, माझ्या राजा. तुझ्यासारखा कोन न्हाई."

बोलून झाल्याबरोबर तिने त्याला जोराने मागे लोटलं आणि साऱ्या जहाजाला ऐकू जाईल अशी ओरडली, "काय कामाचा न्हाई ह्यो! फुकट गेलं समदं!"

विनोद हसला. या वेळी कंपनीचं हसू नव्हतं ते, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मॅनेजर बाईंनी शिल्पाला विचारलं, काय म्हणाली म्हातारी? शिल्पाने शब्दन् शब्द भाषांतर करून सांगितला. बाईंनी गंभीरपणे मान हलवली आणि तेही विनोदच्या नावापुढे लिहून घेतलं.