उतारा डाव्या पानावर

"जोड्या लावा म्हणता ताई, पण नवरा या पानावर अन् बायको पाठीमागच्या पानावर. लावू कशा?"

सरोदे मॅडमनी आमचा पेपर डोळ्यांपासून दोन बोटांवर धरला होता. पान उलटलं, परत मागे आणलं, पुन्हा उलटलं. ‘अ’ गट पानाच्या तळाशी संपत होता आणि ‘ब’ गट मागच्या बाजूला सुरू होत होता. अमरावतीच्या त्या शाळेत मी अकोल्याहून लॅपटॉप घेऊन नव्या सोयींचा डेमो द्यायला गेले होते. डेमो मॅडमनीच दिला.

मॅडम इतिहास शिकवतात. त्यांना लहानपणापासून अंधुक दिसतं. शाळेत कमी दिसणारी सहा-सात मुलं आहेत, त्यांचं सगळं त्याच बघतात.

आमची कंपनी गावंडे सरांची. प्रश्नपत्रिका तयार करणारं सॉफ्टवेअर आम्ही शाळांना, क्लासेसना देतो. शाळेनं प्रश्न एकदा भरून ठेवायचे. मग बटण दाबलं की सॉफ्टवेअर त्यातून प्रश्न निवडतं आणि छापायला तयार पीडीएफ देतं. मध्ये कोणी माणूस बसून पानं लावत नाही. मजकूर पानात ओतला जातो, पान भरलं की उरलेला पुढच्या पानावर सांडतो. साध्या अक्षरात ते खपून जायचं. या मुलांसाठी शाळेनं लार्ज प्रिंट मागितला. आम्ही फॉन्ट चोवीस पॉइंट केला आणि झालं म्हणालो. चार पानांचा पेपर चौदा पानांचा झाला, आणि जिथे तिथे तुटला. प्रश्नाचा आकडा एका पानावर, प्रश्न दुसऱ्यावर. प्रश्न इथे, त्याचे पर्याय तिथे.

"या पेपरापायी मागच्या चाचणीत आमच्या प्रणाली नावाच्या पोरीचे शेवटचे दोन प्रश्न राहिले," मॅडम म्हणाल्या. "आता हेडसर म्हणून राहिले, सगळ्यांले लेखनिक देऊन टाकू."

लेखनिक म्हणजे मुलानं तोंडी सांगायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं. ज्यांना लागतो त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे. प्रणालीला तो नको होता. ती दहावीत, शेंदूरजनाघाटची, घरचा संत्र्याचा बगीचा, इथे होस्टेलला राहणारी. मॅडमनी तिला बोलावलं.

"मले लिहिता येते," ती मला म्हणाली. "लिहाले टाइम नाही लागत. शोधाले लागते."

प्रिलिमला तिचा पेपर पूर्ण झाला नाही, तर बोर्डाला लेखनिक घ्यायचा, असं हेडसरांनी ठरवून टाकलं होतं.

अकोल्याला येऊन मी गावंडे सरांना सगळं सांगितलं.

"मग एंटर मार ना जिथं तुटते तिथं. काहून एवढी परेशान होते?"

"सर, एंटर आजच्या पेपराला चालंल. उद्या दुसरे प्रश्न निवडले की तो एंटर भलत्याच जागी येईल."

"मग एक प्रश्न, एक पान. खतम."

मी तेही करून पाहिलं. अर्धी पानं कोरी आणि पेपर उशीएवढा जाड. त्याचा फोटो मॅडमना पाठवला. त्यांचा फोन आला. "पोरगी पेपर सोडवंल का उचलंल?"

तेव्हा मी एंटर मारणं सोडून नियम लिहायला घेतले. पान लावणाऱ्या सॉफ्टवेअरला तीन गोष्टी सांगता येतात. याला पुढच्याला धरून ठेव. याला मधून तोडू नको. आणि याला इथूनच नवीन पान दे. प्रश्नाचा आकडा प्रश्नाला धरून, प्रश्न पर्यायांना धरून. जोड्यांचा तक्ता अखंड. उरलेल्या जागेत मावत नसेल तर सगळाच्या सगळा पुढच्या पानावर. तक्ता मोठ्या अक्षरात आडवा मावत नव्हता म्हणून ‘ब’ गट खाली घसरत होता. मी रकान्यांची रुंदी शब्दांप्रमाणे ठरवायला लावली, दोन्ही गट शेजारी आले.

पर्याय जुळले, जोड्या जुळल्या. अडलं ते मराठीच्या उताऱ्यावर. उतारा आणि त्याखालचे प्रश्न मिळून चोवीस पॉइंटमध्ये एका पानात मावूच शकत नाहीत. तोडू नको म्हटलं की सॉफ्टवेअर गोंधळायचं, एक अख्खं पान कोरं सोडायचं आणि शेवटी तोडायचंच.

"थोडा फॉन्ट कमी कर," गावंडे सर म्हणाले. "बावीस. कोणाले समजते?"

"प्रणालीले समजते, सर."

सरांनी हातातला पेपर मला परत दिला. मग म्हणाले, "जा मग अमरावतीले. तिलेच विचार."

मी विचारलं काहीच नाही. प्रणालीला एक जुना पेपर दिला आणि शेजारी बसून राहिले. तिनं उतारा वाचला, पान उलटून प्रश्न वाचला, उत्तर शोधायला परत मागे. डाव्या हाताचं बोट उताऱ्याच्या पानात अडकवलेलं, उजव्याचं प्रश्नावर, आणि पेन दातात. लिहायला हातच उरत नव्हता. लिहायचं म्हटलं की एक बोट काढावं लागे, आणि बोट काढलं की जागा हरवे. डोकं खाली-वर करून तिची मान अवघडली होती. ती कुरकुरत नव्हती. इतक्या वर्षांत तिला वाटत आलं होतं की पेपर असाच असतो.

माझं लक्ष मॅडमच्या टेबलावर गेलं. तिथे इतिहासाचं पुस्तक उघडं पडलं होतं. दोन पानं, एकमेकांशेजारी.

आतापर्यंत आम्ही एका पानाचाच हिशेब करत होतो. आमचा पेपर सुटा, कोपऱ्यात पिन मारलेला. तो पुस्तकासारखा मधोमध दुमडून मध्ये पिना मारल्या, तर वाचणाऱ्यासमोर एका वेळी दोन पानं असतात. मग उतारा एका पानात मावला की पुरे. तो नेहमी डाव्या पानावर, त्याचे प्रश्न समोर उजव्या पानावर. उलटायचं काहीच नाही. बोटं मोकळी.

नियम एवढाच झाला: उतारा सम क्रमांकाच्याच पानावर सुरू कर. पुस्तकात डावं पान नेहमी सम असतं. उजवं पान आलं तर ते कोरं सोड आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिही, ‘हे पान मुद्दाम कोरे ठेवले आहे’. ते वाक्य मॅडमनी घालायला लावलं. नाहीतर पोरांना वाटतं, आपल्यालाच दिसत नाही.

मी वेगवेगळे प्रश्न निवडून पेपर काढत राहिले. लांब उतारा, आखूड उतारा, जोड्या आधी, जोड्या नंतर. एकही तुटला नाही. गावंडे सर प्रिंटरजवळ उभे राहून स्वतः पानं उलटत होते. "कुठंतरी तुटंल," म्हणत होते. मग म्हणायचे बंद झाले.

मराठीच्या प्रिलिमला मी अमरावतीला गेले. वर्गाच्या दारातून प्रणालीची फक्त पाठ दिसत होती. मला तिचा उजवा हात बघायचा होता. तो लिहीत होता. मध्ये थांबायचा, डोकं डावीकडे जायचं, परत उजवीकडे यायचं, हात पुन्हा चालू. पेन दातात एकदाही गेलं नाही. घंटा व्हायच्या बऱ्याच आधी तिनं पेपर मिटला. मग परत पहिल्या पानापासून उघडला आणि तपासायला लागली. माझ्या शेजारी मॅडम उभ्या होत्या. त्यांना इतक्या लांबून काही दिसत नव्हतं.

"काय करून राहिली?" त्यांनी हळूच विचारलं.

"संपला तिचा. तपासून राहिली."

मॅडमनी माझा दंड इतका घट्ट दाबला की मी ओरडणार होते.

प्रणाली बाहेर आली. मी उत्सुकतेनं विचारलं, "कसा होता पेपर?"

"सोपा होता," ती म्हणाली. "या खेपेले प्रश्नच सोपे काढले वाटते."

मॅडम मोठ्यानं हसल्या. मीही हसले, आणि तिला काही सांगितलं नाही.

हेडसरांनी बोर्डाच्या यादीत तिच्या नावापुढे लेखनिक टाकला नाही. पुढच्या चाचणीला वेगळीच तक्रार आली. नीट दिसणारी बाकीची मुलं मॅडमकडे गेली होती, "आमाले बी त्याईच्यासारखा पेपर द्या, पानं नाही उलटावं लागत." गावंडे सरांनी ते नियम सगळ्याच पेपरांना लावायला सांगितले. हल्ली ते नव्या ग्राहकांना छाती काढून सांगतात, आमचा उतारा तुटत नाही.

माझी एक सवय मात्र बदलली. नवीन टेम्प्लेट बनवलं की मी ते आधी चोवीस पॉइंटमध्ये छापते. तिथे टिकलं तर साध्या बारा पॉइंटला टिकतंच. उलटं होईलच असं नाही.