वहिनीचा सतरा नंबरचा फॉर्म

अन्याय झाला तो माझ्या वहिनीवर. गेल्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी साडेपाचला, आमच्या वसाहतीच्या विहारात. केला मी. माईक माझ्या हातात होता. दोषी कोण, हे आम्ही चळवळीतली माणसं पत्रकात सुरुवातीलाच सांगतो, म्हणून इथंही सांगितलं.

वहिनी नांदगावकडची. नववी झाली आणि शाळा सुटली. आता पस्तिशीची आहे, मुलगी तेव्हा आठवीत. दादा एकलहऱ्याला वीज केंद्रात कामाला. त्या उन्हाळ्यात ती माहेरी जाते म्हणून गेली आणि जुन्या शाळेतून दाखला काढून आली. गच्चीवर कपडे काढताना तिनं तो मला दाखवला. दहावीला बाहेरून बसायचं, त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायचा.

"कुणाला सांगू नका, ताई. ह्यांनाही नाही. फॉर्म भरला की मीच सांगीन. तुम्ही फक्त दर सोमवारी विचारायचं. कुणी विचारणारं असलं की माझ्याकडून होतं."

मी विचारायचे. "कुठवर आलं?"

"वर्गसमीकरण सुटलं, पोळी करपली."

किंवा, "भूमितीची दोन प्रकरणं झाली. इंग्रजीला हात नाही लावला, भीती वाटते."

"मग पुढच्या सोमवारी इंग्रजीच."

"तुम्ही तर सरांपेक्षा कडक."

असे सात सोमवार गेले. सातही सोमवारी तिच्याकडे सांगायला काहीतरी होतं.

त्या रविवारी मी शिक्षणावर बोलत होते आणि लोक जांभया देत होते. सभा हातातून जायला लागली की जवळचं उदाहरण द्यायचं, हे मी पत्रकं लिहून लिहून शिकलेय. दिलं. "याच वसाहतीत आठवीतल्या मुलीची आई घरातलं सगळं उरकून दहावीचा अभ्यास करतेय. तुम्हाला काय धाड भरलीय?"

नाव घेतलं नाही. टाळ्या पडल्या. पण आठवीतल्या मुलींच्या आया तिथं तीनच, त्यातल्या दोघी शिक्षिका. एकेक मान मागे वळली. वहिनी खाली बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय मॅडम, आज शाळेला दांडी?" रांगेतल्या सगळ्या हसल्या. हेतू वाईट नव्हता म्हणे. नसेल. दादा जेवता जेवता म्हणाला, "सगळ्या वसाहतीला माहीत आणि मला विहारात कळतंय. मी काय भाडेकरू आहे का या घरात?" वहिनीनं त्याला भाकरी वाढली. मग पोरगी. शाळेच्या रिक्षात पोरांनी तिला विचारलं, तू आणि तुझी मम्मी एकाच बाकावर बसणार का. ती रडतच घरी आली. "मम्मी, तू नको ना बसूस परीक्षेला."

त्या संध्याकाळी पुस्तकं आणि दाखला दिवाणात गेला. वर गाद्या.

मी माफी मागितली. म्हटलं, मी नाव तर घेतलं नव्हतं.

"घ्यायचं होतं. मग मला उठून काहीतरी बोलता तरी आलं असतं."

म्हटलं, चिडवणाऱ्यांविरुद्ध पत्रक काढते.

"आता छापू पण नका, ताई."

त्यानंतरही दोन सोमवार मी गच्चीवर गेले. "कुठवर आलं?"

"कपडे वाळले नाहीत अजून," ती म्हणाली. दोन्ही वेळा तेच.

फॉर्मची मुदत गेली. वाढीव मुदत आली, तीही गेली. यंदाचे फॉर्म सुरू झालेत आणि दाखला दिवाणातच आहे. मी विचारत नाही. ती मला आता काहीच सांगत नाही, भाजी कुठली करणार तेसुद्धा नाही. हे लिहू का, एवढं मात्र मी विचारलं.

"लिहा. आता झाकायला काय राहिलंय."

तिचं पुन्हा सुरू होईल असं मला वाटत नाही. म्हणून आशेचं काही लिहीत नाही, मागणी लिहिते. तुम्हाला कुणी विश्वासानं काही सांगितलं असेल तर ते भाषणात आणू नका, स्टेटसला टाकू नका. सोमवारी जा, एकट्यात विचारा, आणि गप्प बसा. आणि तुम्ही आमच्या वसाहतीतले असाल, तर तिला मॅडम म्हणणं आजपासून बंद करा. गिरणीवरसुद्धा.