बहुरूपी मेला नव्हता

नमस्कार. या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसती वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायलाच येतं. कुणाला पिंपळाखाली बाई दिसली, कुणाची गाडी पुलावर आपोआप बंद पडली... मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते, आणि पोरांनी वर्गात असलं काही काढलं की एका वाक्यात गप्प करते. तेव्हा हे लिहायला बसलेय याचा माझा मलाच राग येतोय. पण घरात कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे.

माझे काका लोणारला राहायचे, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत. पंचायत समितीतून कारकून म्हणून रिटायर झालेले. मी मेहकरला, म्हणजे बसनं तासाभराच्या आत. बारावीनंतर माझ्या वडिलांनी माझं शिक्षण थांबवलं होतं, तेव्हा काकांनीच भावाशी भांडून मला इंग्रजी घेऊन बी.ए.ला घातलं. हे आधीच सांगून ठेवते. पुढे मी काय केलं ते कळायला याची गरज आहे.

काकांना एका जुन्या अमेरिकन मालिकेचं वेड होतं. घोडे, पिस्तुलं, धुळीची गावं, आणि त्यात दोन सरकारी हेर – रेल्वेच्या खास डब्यातून हिंडणारे. एक मारामारी करणारा, दुसरा वेषांतरं करणारा. काकांनी पहिल्याचं नाव ठेवलं 'साहेब' आणि दुसऱ्याचं 'बहुरूपी'. तरुणपणी नोकरीच्या ट्रेनिंगला गेले असताना कुणाकडे तरी व्हिडिओवर दोन भाग पाहिले होते, तेवढ्यावर या माणसानं चाळीस वर्षं काढली! मग पुण्याच्या भाच्यानं एकोणपन्नास भाग पेन ड्राइव्हवर भरून दिले. अडचण एकच. काकांना इंग्रजी येत नव्हतं.

मग काय, मी. "वैशू, एवढी इंग्रजी शिकली, आता मले या दोन हेरायची गोष्ट सांग," म्हणायचे. दर रविवारी तीन वाजता काका कमळजादेवीच्या जत्रेत घेतलेली हॅट घालून खुर्चीत बसायचे, मी शेजारी बसून सांगत जायची, काकू आतून चहा आणायची. भाग संपला की काका कारकुनी अक्षरात वहीत नोंद करायचे. अनुक्रमांक, तारीख, विषय, सांगणार, शेरा. अगदी ऑफिसच्या रजिस्टरसारखं. शेऱ्यात काय लिहितात ते मी कधी पाहिलं नाही.

सुरुवातीला मजा आली. पण आठवडाभर शाळा, घरी पेपरचे गठ्ठे, आणि हातात एकच रविवार. तोही घोड्यांवर! मी भराभर सांगायला लागले, मग गाळायला लागले. काका मध्येच विचारायचे, "तो काऊन हसला वं?" आणि मी म्हणायची, असंच.

दसऱ्यानंतरचा रविवार. अडतिसावा भाग. बहुरूपी एका किल्ल्यात सापडतो, दार लागतं, आणि भाग तिथेच थांबतो, उरलेलं पुढच्या भागात. काका खुर्चीत पुढे सरकून बसलेले. माझं डोकं सकाळपासून ठणकत होतं, आणि साडेचारची बस चुकणार होती. मी म्हणाले, "संपली काका. मेला तो. म्हणूनच मालिका बंद पडली."

त्यांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मंग साहेब एकटाच गेला का?" मी हो म्हणाले. भाच्याला परत करायचा आहे सांगून पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि बस पकडली. त्यात अकरा भाग शिल्लक होते, मीही न पाहिलेले. सुटले एकदाची, असं वाटलं. वाटलं, ते लपवत नाही.

त्यानंतर मी लोणारला गेले नाही. शाळेत रविवारचे स्कॉलरशिपचे, दिवाळीच्या सुट्टीतही चालणारे जादा तास मागून घेतले. दिवाळीतही फोनवरच. तेव्हा काका म्हणाले, "कालचा भाग लय भारी होता वं." टीव्हीवर दुसरं काही तरी पाहत असतील असं समजून मी "हो का" म्हटलं आणि फोन ठेवला.

नवीन वर्ष लागता लागता काका गेले. सकाळी अंघोळीला उठले आणि छातीत कळ आली, बस. तेरावं झाल्यावर काकूनं ती वही माझ्या हातात दिली. तिथेच ओट्यावर बसून चाळली.

पहिल्या पानांवर शेरा – "वैशू फार हसली." पुढे पुढे – "वैशू घाईत." पुन्हा "वैशू घाईत." म्हणजे कळत होतं त्यांना! अडतीसपुढे लिहिलं होतं, "बहुरूपी किल्ल्यात मरण पावला. मालिका समाप्त. सांगणार – वैशाली. शेरा – पोर थकली आहे. पुन्हा त्रास देऊ नये."

रडून झाल्यावर मी पान उलटलं.

अनुक्रमांक एकोणचाळीस. तारीख पुढच्याच रविवारची. "बहुरूपी मेला नव्हता. आचाऱ्याचे कपडे घालून, डोक्यावर तांब्याचं भांडं घेऊन दारातून बाहेर आला. साहेबानेही ओळखले नाही. सांगणार – वैशाली." मग चाळीस, एक्केचाळीस... थेट एकोणपन्नासपर्यंत. अकरा रविवार. अक्षर काकांचंच.

काकूला विचारलं, काकांना हे कुणी सांगितलं?

"कोण म्हणजे? तू तं येत होती ना वं दर ऐतवारी."

काकूला मोतीबिंदूमुळे माणूस नीट दिसत नाही, आवाजावर ओळखते. टीव्ही लावत नव्हतो का, विचारलं. नाही म्हणाली, तू नुसतं तोंडानं सांगायची, जरा दमानं, आणि ते हसत राहायचे. चहा मात्र तसाच राहायचा, साय धरून. तिला वाटायचं, साखर सोडली असेल पोरीनं.

घरी येऊन पर्सच्या आतल्या कप्प्यातून पेन ड्राइव्ह काढला. एकोणचाळिसावा भाग लावला. बाराव्या मिनिटाला बहुरूपी दारातून बाहेर आला. आचाऱ्याचे कपडे, डोक्यावर तांब्याचं भांडं. पुढचे दहाही ताडून पाहिले. कुठे चूक नाही. मी सांगितल्या असत्या त्यापेक्षा बारीकसारीक गोष्टी जास्त होत्या.

तुम्ही विचाराल तेच मीही विचारून झालंय. भाच्यानं दुसरी प्रत कुणाला दिलेली नाही. काकांकडे साधा बटणांचा फोन होता. गल्लीत इंग्रजी कळणारं कुणी नाही. आणि त्या अकराही रविवारी तीन वाजता मी मेहकरला शाळेत होते, मस्टरवर माझ्या सह्या आहेत. भीती वाटत नाही... वाटते ती लाज. जी कोणी तिथे माझ्या आवाजात बसली होती, तिनं माझं काम माझ्यापेक्षा चांगलं केलं.

शेवटच्या नोंदीचा शेरा असा आहे – "आज मालिका खरोखर संपली. वैशू घाईत नव्हती."

आता सगळ्या नातेवाइकांत माझं कौतुक चाललंय, म्हाताऱ्याचं शेवटपर्यंत पोरीनं केलं म्हणून. परवाच्या रविवारी तीन वाजता मी लोणारला गेले. काकूनं चहा दिला, तो मी सगळा प्यायले. तिनं चाचपडत माझा हात धरला आणि म्हणाली, "शेवटी तूच तं होती त्यायच्यापाशी."

मी हो म्हणाले.