लाइट धरणारीच्या अक्षता

दोन महिने होत आले. येडशीला रामलिंगाच्या पायऱ्यांवर मी एका जोडप्याचे लग्नाआधीचे फोटो काढत होते. माकडं नवरदेवाच्या गॉगलवर डोळा ठेवून बसली होती, मी नवरीचा पदर सारखा करत होते, तेवढ्यात नसरीनचा फोन आला. "ताई, अब्बा गेले," एवढंच ती बोलली. तिचे अब्बा म्हणजे हनीफचाचा, ज्यांनी मला फोटो काढायला शिकवलं. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मी पायरीवर बसले, पाणी प्यायले... आणि उठून राहिलेले फोटो काढले. काम अर्धवट टाकून आले असते, तर चाचांनी मला दारातूनच परत धाडलं असतं. भूमला पोचले तेव्हा पुरुषमंडळी कबरस्तानातून परतत होती.

चाचांचा भूमच्या बाजारात स्टुडिओ होता. सात वर्षांपूर्वी मी ईटच्या एका खासगी शाळेत शिकवत होते आणि शिकवण्याला मनापासून कंटाळले होते. पासपोर्ट फोटो काढायला गेले आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनाच सांगितलं, की उजेड डावीकडून घ्या. आगाऊपणा माझ्यात पहिल्यापासून भरपूर. चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "लई कळतंय तुला. मग एका लग्नात लाइट धरून दाखव. जमलं तर शिकवतो, न्हाय तर शाळा हायच." मला त्या शाळेत परत जायचं नव्हतं. रात्रभर मी घरात झाडूची काठी वर धरून उभं राहण्याचा सराव केला, आई वैतागली.

लग्न सोनारीला होतं. माझ्या हातात काठी, काठीच्या टोकाला फ्लॅश. जाताना चाचांनी दोनच गोष्टी बजावल्या. नवरीकडं बघायचं नाही, त्यांच्या डाव्या खांद्याकडं बघायचं, खांदा वळेल तशी लाइट वळवायची. आणि फोटोसाठी कुठलाही विधी दुसऱ्यांदा करायला लावायचा नाही. सकाळभर मी झकास काम केलं, हळद, वरात, सगळं. मनात शाळेच्या राजीनाम्याचा मसुदाही तयार होता. मग मुहूर्ताच्या वेळी एक मावशी ताट घेऊन फिरल्या आणि माझ्या रिकाम्या डाव्या हातात त्यांनी मूठभर अक्षता ठेवल्या, कुंकवात रंगवलेली ज्वारी. अक्षतांना नाही कसं म्हणायचं? पहिली चार मंगलाष्टकं मी मूठ आवळून काढली. शेवटच्या 'सावधान'ला वाजंत्री सुटली, सगळा मांडव उचंबळला आणि लहानपणापासून जे करत आले तेच माझ्या हातानं केलं. डाव्या हातानं अक्षता उधळल्या, त्यासरशी अंग वळलं, काठी वर गेली. अंतरपाट खाली आला तेव्हा माझा फ्लॅश मांडवाच्या छतावर पडला होता.

चाचांनी कॅमेऱ्यात पुन्हा पुन्हा पाहिलं. नवरीच्या वडिलांना काहीतरी बिनसल्याचं कळलं. भटजी भले, म्हणाले पुन्हा धरू अंतरपाट, त्यात काय. माझा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात चाचांनी मान हलवली. वडिलांपुढं हात जोडून ते म्हणाले, "दादा, लाइट चुकली. चूक माझी हाय. पण पोरीचं लगीन एकदाच लागतं, फोटोसाठी दुसऱ्यांदा न्हाय लावायचं." तो फोटो अंधाराच आला. नशिबानं तोच सगळ्यांत सुंदर निघाला वगैरे काही झालं नाही.

परतताना वाटेत परंडा लागलं. चहाला थांबलो. माझी शाळा मला समोर दिसत होती. चाचांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि विचारलं, "अक्षता पडल्या का नवरीवर?" पडल्या, मी म्हणाले. रडू आवरत नव्हतं. "पडल्या तर बरंच हाय. जिला टाकू वाटत न्हाईत तिनं लग्नाचे फोटो काढूच नयेत. फकस्त हातातलं काम संपल्यावर टाकायच्या. रविवारी ये."

तेव्हापासून प्रत्येक लग्नात माझ्या वाट्याच्या अक्षता चाचा स्वतः मागून घेत आणि कॅमेऱ्याच्या बॅगेच्या बाजूच्या खिशात ठेवत. हार घालून झाले, फोटो तपासून झाले, की माझ्या तळहातावर ठेवून म्हणत, "आता टाक." तोवर पाहुणे जेवायच्या रांगेत गेलेले असत. मी एकटीच अक्षता टाकत असे आणि नवरा-नवरी दचकून वर बघत. पुढं लाइट सोडून मी कॅमेरा हातात घेतला, तरी त्यांचा हा शिरस्ता मोडला नाही.

चाचांच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर नसरीननं ती बॅग मला दिली. बाजूच्या खिशात लाल ज्वारी होती. आम्ही मिळून फोटो काढलेल्या शेवटच्या लग्नात त्यांना दम लागला होता, हार व्हायच्या आतच मी त्यांना घरी पाठवलं होतं... अक्षता खिशातच राहिल्या. चाचांच्या कबरीवर मूठभर माती टाकायला मी जाऊ शकले नव्हते, याचं मला फार वाईट वाटतं. ती ज्वारी हातात घेऊन मी नसरीनजवळ खूप वेळ बसले.

गेल्या आठवड्यात ईटला लग्न होतं. काजल नावाची मुलगी पहिल्यांदाच माझ्याकडं लाइट धरायला आली होती. ताट फिरू लागलं तसं मी पुढं होऊन तिच्या अक्षता मागून घेतल्या आणि बॅगेच्या दुसऱ्या खिशात ठेवल्या. अंतरपाट खाली आला, दोघांचे चेहरे लख्ख आले. हार झाले, फोटो तपासले, मग तिच्या तळहातावर अक्षता ठेवल्या आणि म्हणाले, "आता टाक."

चाचांनी ठेवलेली ती लाल ज्वारी मात्र अजून बाजूच्या खिशातच आहे. काम संपल्यावर टाकायची, असं ते म्हणाले होते, आणि माझं काम अजून चालू आहे.