दस्तरखानाला बसताना

अक्का, शिंदखेड्याच्या फलाटावर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरींचं गाठोडं माझ्या हातात देताना माय म्हणाली होती, "तठे तुनं कोन शे, बाई?" गाडी हलली, तरी 'तिथं माझं कोण?' हेच मनात घोळत होतं. ह्यांना जळगावच्या तेलगिरणीत कारकुनी लागली होती. सासूबाई सोबत होत्या.

इथं दोन खोल्या मिळाल्या. माझी शिंदखेड्याकडची बोली ऐकून नळावरच्या बाया हसायच्या. ते मी गिळलं. पण घरात आधी हे जेवणार, मग सासूबाई, शेवटी मी. पोटुशी होते तेव्हाही पातेलं माझ्यापर्यंत येईतो भाजी संपलेली असे. कोरड्या भाकरीला ठेचा लावून खायचा आणि भांडी घासायला बसायचं.

समोर हमीदाखाला राहायच्या. त्यांचे यजमान गाद्या भरत. एका दुपारी चाळणी मागायला गेले, तर जमिनीवर छापील कापड अंथरलेलं, त्यावर भाकरी नि भरीत, भोवती सगळं घर बसलेलं. पण जेवत कोणीच नव्हतं. मी कापड ओलांडणार तोच खाला म्हणाल्या, "नको बेटी, दस्तरखान आहे. अन्नाची जागा."

दस्तऐवजासारखं काही सरकारी असेल, असं मला वाटलं. त्या हसल्या. शब्द फारसी, पणजोबांपासून घरात चालत आलेला. पाहुणा आला की सरकून जागा करायची, सांडलेला चुरा पाखरांना घालायचा.

"मग थांबलात कशाला?"

"सून हात धुतेय. ती बसल्याशिवाय घास कसा घ्यायचा?"

मला रडूच आलं. त्यांनी ताट वाढलं, पण सासूबाईंच्या धाकानं मी बसले नाही.

संध्याकाळी मी ह्यांचं जुनं धोतर धुऊन अंथरलं आणि तीन ताटं मांडली. सासूबाई म्हणाल्या, "हे कुठलं खूळ?" आपलं ताट उचलून त्या चुलीपाशी गेल्या. हे भिंतीकडे तोंड करून जेवले. मी एकटीच त्या धोतरावर बसले आणि पोटभर भाजी खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी मी खालांकडे जेवायला बसू लागले. सासूबाईंची बोलणी खाल्ली, पण बसले.

आता सासूबाई नाहीत. मुलं मोठी झाली. तू विचारतेस, जळगाव घर झालं का? अक्का, मी आजही रोज सांगते, "थांबा, मला बसू द्या." हे आणि मुलं थांबतात. पण सांगितल्यावरच थांबतात. न सांगता थांबतील, त्या दिवशी तुला कळवीन.